नावापुढे ‘चार्टर्ड’ लावावं का? आयटीतल्या वाचकांचे प्रश्न

‘चार्टर्ड’ म्हटलं की आपल्या ओठांवर पुढचा शब्द ‘अकाउंटंट’च येतो. पण ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या, तिकडे जाऊ पाहणाऱ्या आणि इथूनच तिकडच्या ग्राहकांची कामं करणाऱ्या आयटीतल्या वाचकांची पत्रं आली आहेत, त्यांना वेगळाच ‘चार्टर्ड’ विचारायचा आहे. त्यातल्या निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये रेडिंगला सोल्यूशन आर्किटेक्ट आहे, अनुभव ११ वर्षांचा. एका सहकाऱ्याच्या नावापुढे ‘सीआयटीपी’ अशी अक्षरं दिसतात. मीही अर्ज करावा का? घरचे विचारतात, हे सीएसारखं आहे का?

उत्तर : आधी घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यातच तुमचंही अर्धं उत्तर आहे. सीएला १९४९च्या कायद्याचा आधार आहे. कंपनीच्या हिशेबाच्या लेखापरीक्षणावर त्याच्याशिवाय दुसऱ्याची सही चालत नाही, म्हणून ती पदवी म्हणजे रोजीरोटीचा परवाना आहे. सीआयटीपी, म्हणजे चार्टर्ड आयटी प्रोफेशनल, हा परवाना नाही. ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर लिहायला, सर्व्हर सांभाळायला किंवा आर्किटेक्ट म्हणून काम करायला कुठल्याही संस्थेचं सदस्यत्व लागत नाही.

मग ही अक्षरं काय सांगतात? ब्रिटनची संगणक व्यावसायिकांची संस्था, बीसीएस, १९५७ साली स्थापन झाली आणि १९८४ साली तिला राजसनद मिळाली. ‘चार्टर’ म्हणजे ही सनद. तिच्या अधिकारात संस्था २००४पासून सीआयटीपी देते. ते देताना तुमच्याच क्षेत्रातले अनुभवी लोक तुमचं काम तपासतात आणि हा माणूस स्वतंत्रपणे जबाबदारी पेलतो, असं लिहून देतात. कायद्यानं जपलेलं काही असेल तर ते एवढंच, की पात्र ठरल्याशिवाय ही अक्षरं लावता येत नाहीत.

उपयोग कुठे होतो, हे तुमचा बायोडाटा कोण वाचतं यावर ठरतं. तुम्हाला न ओळखणारा ग्राहक तो वाचत असेल, म्हणजे सल्लागार कंपनीच्या निविदेला जोडलेला, सरकारी कामाच्या प्रस्तावातला किंवा स्वतंत्र कंत्राटदाराचा, तर सीआयटीपी वजन टाकतं. वादाच्या प्रकरणात तज्ज्ञ म्हणून मत द्यायचं असेल तरी टाकतं. प्रॉडक्ट कंपन्या आणि स्टार्टअपमध्ये मात्र मुलाखतीचा निकाल कोडिंगच्या आणि सिस्टिम डिझाइनच्या फेरीत लागतो, तिथे या अक्षरांकडे बहुधा कुणी पाहत नाही. व्हिसासाठी अर्ज करणार असाल तर तो विचार सोडा. स्किल्ड वर्कर व्हिसाच्या निकषांत चार्टर्डचा रकाना नाही.

तुमच्यापुरतं आमचं मत स्पष्ट आहे. पुढची तीन-चार वर्षं ब्रिटनमध्येच काढायची आहेत, काम ग्राहकांसमोर जाण्याचं आहे आणि खर्च कंपनी उचलते आहे, असं असेल तर अर्ज कराच. या तिन्हींतलं एकच खरं असेल तर घाई नको. आणि केवळ पगार वाढेल म्हणून करत असाल तर आधी एचआरला थेट विचारा, की आपल्या कंपनीच्या ग्रेडच्या नियमांत चार्टर्डचा उल्लेख कुठे आहे का. उल्लेख नसेल तर नुसत्या अक्षरांवर पगार वाढण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : चार्टर्ड होण्यासाठी केलेला माझा अर्ज ‘वैयक्तिक जबाबदारीचा पुरावा पुरेसा नाही’ असा शेरा मारून परत आला. मी १८ जणांची टीम सांभाळतो, हुद्दा सीनियर मॅनेजरचा आहे. आणखी काय पुरावा द्यायचा?

उत्तर : परत आलेल्या अर्जांतली ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि तिची दोन कारणं आहेत. एक हुद्द्याचं, दुसरं आपल्या भाषेचं.

हुद्द्याचं आधी. मोजमाप ज्या पट्टीनं होतं तिचं नाव एसएफआयए, उच्चार ‘सोफिया’. २०२४ साली तिची नववी आवृत्ती आली. तिच्यात सात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस सांगितलेलं काम करतो, सातव्यावरचा संस्थेची दिशा ठरवतो. सीआयटीपीसाठी पाचवी पायरी लागते. पाचवी पायरी म्हणजे वरून फक्त ढोबळ दिशा मिळते, काम कसं करायचं ते तुम्ही ठरवता, ठरलेलं उद्दिष्ट गाठण्याची पूर्ण जबाबदारी तुमची असते आणि तुमच्या निर्णयाचा परिणाम टीमच्या बाहेर, ग्राहक आणि पुरवठादारांपर्यंत पोचतो. यात १८ हा आकडा कुठेच येत नाही. रजा मंजूर करणं, टाइमशीट पाहणं, ग्राहकानं पाठवलेली तिकिटं वाटून देणं हे ५० माणसांचं केलं तरी ती चौथीच पायरी. उलट एकही माणूस हाताखाली नसलेला डेटाबेस आर्किटेक्ट सहज पाचवीवर असू शकतो. म्हणून पहिलं काम असं करा : एसएफआयएच्या संकेतस्थळावरून पाचव्या पायरीचं वर्णन उतरवून घ्या, त्याचं एकेक वाक्य वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर गेल्या दोन-तीन वर्षांतला स्वतःचा एकेक प्रसंग मांडा. ज्या वाक्यासमोर जागा कोरी राहील, तिथे तुमचा अर्ज अडणार आहे हे आजच कळेल.

आता भाषेचं. ‘मी केलं’ म्हणायला आपली जीभ कचरते. ‘आम्ही केलं’, ‘टीमनं केलं’ हे आपल्याला शोभून दिसतं, आणि इंग्रजीत लिहितानाही हाच ‘आम्ही’ अर्जभर पसरतो. तपासणाऱ्याला त्यात तुम्ही सापडत नाही. अर्ज इंग्रजीतच लिहायचा आहे, पण फरक नेमका दिसावा म्हणून एक नमुना इथे मराठीत देतो. बहुतेक अर्जांत साधारण असा परिच्छेद असतो :

‘आम्ही एका बँकेची पेमेंट सिस्टिम यशस्वीपणे क्लाउडवर नेली. टीम १८ जणांची होती. मी त्यात महत्त्वाची भूमिका बजावली.’

याच्यातून काहीही कळत नाही. तेच काम असं लिहिता येतं :

‘डेटाबेस एका रात्रीत हलवायचा मूळ बेत होता. सिस्टिम बंद ठेवायची मुभा ४ तास, आणि रंगीत तालमीत लागले ९ तास. मी तीन पर्याय मांडले आणि दोन्ही डेटाबेस काही आठवडे समांतर चालवून रोज ताळा घेण्याची शिफारस केली. त्याचा ६ आठवड्यांचा जादा खर्च ग्राहकाच्या वित्तप्रमुखांपुढे मांडून मंजूर करून घेतला. दुसऱ्या आठवड्यात २१२ व्यवहारांचा ताळा जमेना. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास मागे जातात, त्या रात्री एक ते दोनमधले व्यवहार नव्या बाजूला स्थानिक वेळेत साठवले गेले होते, त्यामुळे कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे कळत नव्हतं. स्थलांतर दोन आठवडे पुढे ढकलण्याचा निर्णय मी घेतला, सगळ्या नोंदी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत साठवण्याचा बदल करवून घेतला आणि सलग १० दिवस ताळा शून्यावर आल्यावरच हिरवा कंदील दिला. प्रत्यक्ष स्थलांतराला ४० मिनिटं लागली.’

काम तेच आहे, टीमही तीच. दुसऱ्या परिच्छेदात अडचण, नाकारलेले पर्याय, पैशाची मंजुरी, चुकीमागचं कारण, थांबण्याचा निर्णय आणि निकाल आहे, आणि प्रत्येक वळणावर निर्णय कुणाचा होता तेही कळतं. असे तीन-चार प्रसंग पुरतात. दहा प्रकल्पांची यादी जोडली तर उलट नुकसान होतं, कारण एकाही प्रसंगाला खोली राहत नाही.

ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर बँकेचं नाव, सिस्टिमची नावं, आयपी पत्ते, स्क्रीनशॉट काहीही घालू नका. ‘ब्रिटनमधली मध्यम आकाराची बँक’ एवढं पुरेसं आहे. आकडे गाळू नका, पण ते उघड करण्याजोगे आहेत का, हे वरिष्ठांना लेखी विचारून घ्या. गोपनीयता मोडून लिहिलेला अर्ज तपासणाऱ्याच्या नजरेत तुमच्याच विरुद्ध जातो.

अर्जाला पत्रानं दुजोरा देणारा समर्थक म्हणून मोठ्या हुद्द्याचं नाव शोधत बसू नका. वर्षातून एकदा टाउनहॉलमध्ये दिसणाऱ्या संचालकांचं पत्र गुळमुळीत होतं. स्थलांतर पुढे ढकललं त्या दिवशी तुमच्यासमोर बसलेला ग्राहकाचा डिलिव्हरी मॅनेजर चार ओळीच लिहील, पण त्या चार ओळींना अर्थ असेल. त्याला तुमचा अर्ज आधी वाचायला द्या. अर्जात ६ आठवडे आणि पत्रात तीन महिने, असली विसंगती आम्हाला वाटते त्याहून जास्त वेळा होते.

मुलाखत तुमच्याच व्यवसायातली माणसं घेतात. तंत्रज्ञान पाठ करून जाऊ नका, त्यांना निर्णय ऐकायचे असतात. ‘आज पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल?’ या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर कधीही देऊ नये. नैतिकतेचाही प्रश्न येतो, म्हणून संस्थेची आचारसंहिता वाचून जा. बीसीएसच्या संहितेचे चार भाग आहेत : जनहित, व्यावसायिक क्षमता आणि सचोटी, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याप्रतीचं कर्तव्य आणि व्यवसायाप्रतीचं कर्तव्य. ग्राहकानं चाचणी अर्धवट सोडून लाइव्ह जायला सांगितलं तेव्हा तुम्ही काय केलंत, असा एक खरा प्रसंग तयार ठेवा. बोलतानाही ‘वी’ निसटेलच. निसटला की तिथेच थांबून ‘त्यात माझं काम असं होतं’ हे वाक्य जोडा. घरी कुणाला तरी समोर बसवून दोनदा सराव केलात तर ही सवय लागते.

प्रश्न : मी डर्बीला रेल्वे सिग्नलिंगच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरवर काम करते. बी.ई. पुण्याच्या एका स्वायत्त महाविद्यालयातून. मी सीआयटीपी घ्यावं की चार्टर्ड इंजिनिअर व्हावं?

उत्तर : चार्टर्ड इंजिनिअर. तुमच्या क्षेत्रात सॉफ्टवेअर चुकलं तर माणसं दगावू शकतात आणि तुमच्याबरोबर बसणारे सिग्नल, वीज, यांत्रिकीचे लोक त्याच भाषेत बोलतात. रेल्वे, संरक्षण, अणुऊर्जा, वैद्यकीय उपकरणं या क्षेत्रांत या पदवीची ओळख जुनी आणि पक्की आहे.

ही पदवी ब्रिटनच्या इंजिनिअरिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागल्यावर मिळते, पण अर्ज कौन्सिलकडे थेट करत नाहीत. तिच्या परवानाधारक संस्थेमार्फत करतात. बीसीएस अशी एक संस्था आहे, आयईटी (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी) दुसरी. एम्बेडेड कामाला आयईटी जास्त जवळची. तपासणीचे निकष पाच गटांत असतात : ज्ञान, रचना आणि समस्या सोडवणं, जबाबदारी आणि नेतृत्व, संवाद, आणि व्यावसायिक बांधिलकी. तुमच्याकडे सुरक्षितता विश्लेषणाची कागदपत्रं असतील. त्यातला धोका तुम्ही ओळखलात, त्याची पातळी ठरवलीत आणि त्यावर उपाय सुचवलात, असं एक प्रकरण घेतलं तर पाचपैकी तीन गट त्यातच भरून निघतात.

पदवीबद्दल एक बारकावा ध्यानात ठेवा. अभ्यासक्रमांना मानांकन देणारी भारताची एनबीए ही संस्था जून २०१४मध्ये वॉशिंग्टन कराराची, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मान्य करण्याच्या कराराची, कायम सदस्य झाली, त्यामुळे काही भारतीय पदव्यांना तिकडे मान्यता आहे. पण ती ‘टिअर एक’, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या गटातल्या अभ्यासक्रमांनाच, आणि अभ्यासक्रमाला मानांकन असलेल्या काळात शिकलेल्यांनाच. महाविद्यालय नामांकित आहे, एवढ्यावर विसंबू नका. तुमच्या शाखेचं आणि तुमच्या वर्षांचं नाव मानांकनाच्या यादीत पाहा. ते असलं तरी चार्टर्ड इंजिनिअरसाठी मास्टर्स दर्जाचं ज्ञान अपेक्षित असतं, आणि एम.ई. नसेल तर ते अनुभवातून दाखवावं लागतं. हा मार्ग खुला आहे, फक्त लिखाण जास्त होतं.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी, अनुभव तीन वर्षांचा. आत्ताच चार्टर्ड झालो तर इतरांच्या पुढे राहीन का?

उत्तर : आत्ता नको. पाचव्या पायरीचे प्रसंग तीन वर्षांत घडलेले नसतात, आणि न घडलेलं लिहिता येत नाही. आत्ता करण्यासारखं एकच काम आहे, आणि ते फुकट आहे. दर महिनाअखेरीस एका फाइलमध्ये पाच ओळी लिहा : काय अडलं, कुठले पर्याय होते, ठरवलं कुणी, आकडा काय आला, काय चुकलं. पुढे कधी अर्ज केलात तर या फाइलची किंमत कळेल. आठ वर्षांनी कुठल्या तिमाहीत डाउनटाइम किती होता हे कुणालाही आठवत नाही, आणि तोवर जुन्या कंपनीचा लॅपटॉप परत गेलेला असतो. फाइल स्वतःच्या संगणकावर ठेवा आणि तिच्यात ग्राहकाची माहिती किंवा कोड येऊ देऊ नका.

भारतातही चार्टर्ड इंजिनिअर आहेत. १९२०मध्ये स्थापन झालेली, कोलकात्यात मुख्यालय असलेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ती पदवी देते, आणि तिलाही १९३५ची राजसनद आहे. त्या दाखल्याचा खरा उपयोग परदेशातून आणलेल्या जुन्या यंत्रांचं मूल्यांकन, भांडवली मालाचे दाखले अशा कामांत होतो. सॉफ्टवेअर कंपनीत त्याची विचारणा होत नाही.

प्रश्न : मुंबईत बँकांच्या माहिती सुरक्षेचं ऑडिट करतो. सीसा (सर्टिफाइड इन्फर्मेशन सिस्टिम्स ऑडिटर) करावं की चार्टर्ड?

उत्तर : सीसा. तुमचे ग्राहक निविदेत तीच परीक्षा नाव घेऊन मागतात. ती १५० प्रश्नांची आणि चार तासांची, आणि प्रमाणपत्रासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्यातली काही वर्षं शिक्षणाच्या बदल्यात माफ होतात. पुढे दर तीन वर्षांत १२० तास आणि दर वर्षी किमान २० तास शिक्षणाची नोंद दाखवावी लागते. ब्रिटनला जायचं ठरलं तर तिथे यूके सायबर सिक्युरिटी कौन्सिल आहे. तिला २०२२मध्ये राजसनद मिळाली आणि ती सायबर सुरक्षेसाठी वेगळी चार्टर्ड पदवी देते. तुमच्यासाठी सीआयटीपीपेक्षा ती सरळ वाट ठरेल. सीसाचा अभ्यास तेव्हाही वाया जात नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी सीआयटीपीचा उपयोग होईल का?

उत्तर : नाही. तिथे आयटीतल्या बहुतेक व्यवसायांचं कौशल्य-मूल्यांकन ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते आणि त्यासाठी पदवीची कागदपत्रं व आधीच्या कंपन्यांची कामाचं वर्णन असलेली पत्रं लागतात. नुसत्या ‘अमुक तारखेपासून नोकरीस होते’ अशा रिलीव्हिंग लेटरवर भागत नाही. नोकरी सोडतानाच हे पत्र मागून घ्यावं.

प्रश्न : लीड्सहून. सदस्यत्व घेतलं, पण दर वर्षीचा खर्च जाचतो. मध्येच थांबलं तर?

उत्तर : खर्च तीन ठिकाणी असतो : वार्षिक सदस्यत्व, अर्जाच्या वेळची तपासणी फी आणि पदवी टिकवण्याची वार्षिक रक्कम. चार्टर्ड इंजिनिअर असाल तर तिसऱ्यात इंजिनिअरिंग कौन्सिलच्या नोंदणीची रक्कम येते. अर्ज करण्यापूर्वी तिन्हींची पाच वर्षांची बेरीज मांडा. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून लोक ठरवतात आणि तिसऱ्या वर्षी कंटाळतात.

करात काही परत मिळतं, ते मात्र पुष्कळ जण सोडून देतात. ब्रिटनच्या कर खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत बीसीएस आणि आयईटी दोन्ही आहेत. वार्षिक वर्गणी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरत असाल आणि ती तुमच्या कामाशी संबंधित असेल तर ती करपात्र उत्पन्नातून वजा होते. २०० पौंड वर्गणी आणि २० टक्क्यांचा दर धरला तर ४० पौंड वाचतात. सेल्फ असेसमेंट, म्हणजे तिकडचं करविवरणपत्र, भरत नसाल तर पी८७ अर्ज भरा, मागच्या चार करवर्षांचाही दावा करता येतो. कंपनीनं भरलेल्या वर्गणीवर दावा करू नका, तो चालत नाही. पावत्या जपून ठेवा.

थांबलात तर सदस्यत्वाबरोबर अक्षरंही जातात. ईमेलची सही, लिंक्डइन, जुन्या प्रस्तावांतले बायोडाटा, सगळीकडून ती काढावी लागतात. कंपनीच्या बिड टीमकडे पडून असलेली तुमच्या बायोडाटाची जुनी प्रत हमखास राहून जाते, आणि ती ग्राहकाकडे गेली तर खोटा दावा तुमच्या नावावर लागतो. ती प्रत आधी बदलून घ्या, मग वर्गणी बंद करा.